डावी बाजू उद्या

चांदवडच्या जुन्या वस्तीत, रंगमहालापासून हाकेच्या अंतरावर माईंचं घर आहे. अहिल्याबाई होळकरांचा तो वाडा बघायला आलेलं कुणी चुकून आळीत वळलं आणि रस्ता विचारला, तर माई हातातलं काम न थांबवता हनुवटीनंच दिशा दाखवतात. "माईंच्या हाताला उरक भारी," असं आळीतली लहानथोर मंडळी म्हणतात, आणि ते कौतुकानंच म्हणतात.

कौतुक करावं असंच ते आहे. चाळीतला उन्हाळ कांदा निवडायला त्या बसल्या की गोल्टी एकीकडे, मोठा माल एकीकडे, नरम पडलेला पाठीमागे. डोळे दाराकडे असले तरी बोटांना सगळं कळतं. नवरात्रात रेणुकामातेच्या डोंगरावर रांगा लागायच्या आत त्यांचं दर्शन होऊन घरी भाजीला फोडणी पडलेली असते. चार मुलींच्या आठ वेण्या शाळेची घंटा व्हायच्या आत त्यांनी वर्षानुवर्षं घातल्या, आणि त्यातली एकही दुपारपर्यंत सैल झाली नाही. "काय ते एकदाच उरकून टाकावं, मागे ठेवू नये," हा त्यांचा शब्द. यजमान लवकर गेले. पदरात चार मुली, एक मुलगा आणि पावसाची खात्री नसलेल्या तालुक्यातली कोरडवाहू जमीन. अशा संसारात कामं मागे ठेवणाऱ्या बाईचा निभाव लागला नसता. म्हणून माईंच्या या सवयीला कुणी हसलं तर मला ते खपत नाही. त्या उरकावरच ते घर उभं राहिलं.

मे महिन्यात नातीनं दोन गिनीपिग घरात आणले. नाशिकच्या तिच्या मैत्रिणीचं कुटुंब परदेशी निघालं होतं आणि या दोघींना ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. एक बुंदी, तपकिरी-पांढरी, आखूड केसांची, गाजराचा तुकडा दिसला की माणसाच्या पायावर चढणारी. दुसरी झिपरी. हिच्या पाठीच्या मधोमध भांग पडायचा आणि तिथून दोन्ही बाजूंनी भुऱ्या केसांचा पडदा थेट जमिनीपर्यंत यायचा. भित्री इतकी, की भांडं पडलं तरी घरट्यात पळायची आणि तासभर बाहेर यायची नाही. जुलैत नात अकरावीसाठी नाशिकला गेली. वसतिगृहात प्राणी चालत नाहीत, त्यामुळे दोघी माईंच्या ओसरीवर राहिल्या. जाताना तिनं एका कागदावर सूचना लिहून तो भिंतीला चिकटवला. वाळलेलं गवत कायम समोर हवं. कोथिंबीर आणि शिमला मिरची रोज. कांदा, लसूण, कांद्याची पात यांना विषासारखी, चुकूनही द्यायची नाही. कांद्याच्या घरात हे तिनं लाल शाईनं लिहिलं होतं. आणि शेवटी: झिपरीला रोज विंचरायचं.

रोज विंचरायचं, कारण अशा गिनीपिगचे केस वाढायचे थांबत नाहीत. महिन्याला साधारण दोन-अडीच सेंटिमीटर, बारा महिने. रानातल्या यांच्या पूर्वजांचे केस आखूड होते. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात माणसानं काही हजार वर्षांपूर्वी यांना पाळायला घेतलं ते खाण्यासाठी. सोळाव्या शतकात ते युरोपात पोचले, आणि पुढे शौकिनांनी लांब केसांच्या माद्या आणि नर निवडून निवडून पेरुव्हियन, शेल्टी, टेक्सेल असे वंश तयार केले. ते केस त्या जिवाला स्वतःच्या दातांनी आणि पंज्यांनी सांभाळता येत नाहीत. माणसाच्या हौसेनं वाढवलेले केस माणसानंच सांभाळायचे, यात उपकार कसला?

माईंनी सूचना मनावर घेतली. दुपारची भांडी झाली की त्या पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडायच्या आणि वरून हात घालायच्या. झिपरी चारी कोपरे पळायची, बुंदीच्या अंगावरून उड्या मारायची. शेवटी एका कोपऱ्यात सापडायची. सून दोन्ही हातांनी तिला धरायची आणि माई फणी घेऊन मुळापासून टोकापर्यंत ओढायच्या. पहिल्या ओढीला झिपरी अशी किंचाळायची की शेजारच्या घरातलं पोर धावत यायचं. मग गप व्हायची. अगदी गप.

"बघ, बसली की नाही," माई सुनेला म्हणायच्या. "सुरुवातीला नाटकं करते, मग कळतं तिला."

दहा मिनिटांत काम उरकायचं. झिपरीला पिंजऱ्यात सोडलं की ती घरट्याच्या मागच्या भिंतीला तोंड लावून बसायची आणि संध्याकाळपर्यंत गवताला तोंड लावायची नाही. थोड्याच दिवसांत पिंजऱ्याची कडी वाजली तरी ती दडायला लागली. मग माईंच्या पायांचा आवाज आला तरी. तिला पकडायलाच वीस मिनिटं लागायला लागली. सुनेला नोकरीवर जायची घाई. रोजचं एक दिवसाआड झालं, मग आठवड्यावर गेलं. गुंते वाढले म्हणून ओढ जास्त बसू लागली, ओढ बसू लागली म्हणून पळापळ वाढली, आणि पळापळ वाढली म्हणून विंचरणं आणखी लांबलं. कुणीही वाईट नव्हतं त्या घरात. सगळे तिच्या भल्यासाठीच करत होते.

श्रावणात सुनेला वास आला. झिपरीला उलटी करून पाहिलं तर मागच्या बाजूचे केस लघवीनं भिजून, गवताच्या काड्या अडकून त्यांची जट झाली होती, तळहाताएवढी, कातडीला चिकटलेली. वर दोन माश्या घोंगावत होत्या. माईंनी जन्मभर जनावरं पाहिली आहेत. पावसाळ्यात ओल्या, घाण जागेवर माशी बसली की पुढे काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी फडक्यात झिपरीला गुंडाळलं आणि तडक जनावरांचा दवाखाना गाठला.

बाहेर दोन शेळ्या, एक कालवड आणि रेबीजची लस टोचायला आणलेला कुत्रा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. ते महाविद्यालय १८८६ पासूनचं, आणि तिथे शिकताना गायीम्हशींच्या बरोबरीनं या छोट्या प्राण्यांशीही त्यांची ओळख झाली होती. त्यांनी जट उचलून पाहिली. कातडी लाल झाली होती, पण अळ्या पडलेल्या नव्हत्या.

"वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. "माशीनं अंडी घातली असती तर दिवसभरातच अळ्या कातडीत शिरल्या असत्या."

मग त्यांनी जट कापली, आणि माई अगदी जवळून बघत राहिल्या. पाणी लावलं नाही. ओली केली की जट आवळते. आधी बारीक फणी जट आणि कातडी यांच्या मधून हळूच सरकवली. फणी कातडीवर सपाट टेकली, आणि बोथट टोकाची कात्री फणीच्या वरून चालली. कात्रीला कातडी लागायची वाटच उरली नाही. "यांची कातडी फार पातळ असते. जट हातानं वर उचलून कापायला गेलं की कातडी पण वर येते आणि कापली जाते. बरेच जण तिथेच फसतात." औषध लावून झाल्यावर त्यांनी बजावलं की माणसांचं किंवा कुत्र्याचं उरलेलं औषध घरच्या घरी द्यायचं नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले पचनाचे जंतू मरतात आणि त्यात तो जीव जाऊ शकतो. शिमला मिरची आणि कोथिंबीर चालू ठेवा, म्हणाल्या. माणसाप्रमाणेच यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या दोन शास्त्रज्ञांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही आढळला, आणि खलाशांच्या त्या जुन्या रोगाचं कोडं सुटायला तिथून वाट मिळाली. माणसानं या एवढ्याशा जिवाकडून किती घेतलं आहे, याचा हिशोब मांडायला बसलं तर आपणच देणेकरी निघू.

"विंचरताना धरता कशी हिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सून धरते, मी विंचरते. आधी ओरडते, मग बसते गप."

"आत्ता बघा, गप आहे ना?" त्यांनी झिपरीचा पडदा बाजूला केला. झिपरी जराही हलत नव्हती. पण बरगड्या भराभर वरखाली होत होत्या, आणि डोळे इतके ताणलेले की कडेचं पांढरं दिसत होतं. "घारीची नजर हलणाऱ्यावर जाते. म्हणून हे जीव फार भ्याले की जागच्या जागी थिजतात. तुम्ही वरून हात घालता तो हिच्यासाठी घारीचा पंजा असतो, माई. ही बसलेली नसते. हिनं आशा सोडलेली असते."

माई घरी आल्या त्या काही न बोलता. त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त पेच पडला. विंचरल्याशिवाय सोय नाही. न विंचरलं तर काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं. आणि धरल्याशिवाय विंचरता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज थोडं थोडं करा. थोडं म्हणजे किती, आणि कुठे थांबायचं, हे माईंना आयुष्यात कधी कुणी शिकवलं नव्हतं.

भादव्यात रांगड्या कांद्याच्या लागवडीआधी मुलानं मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या. धनगरांचा वाडा चार रात्री शेतात होता. सकाळी माई भाकऱ्या घेऊन गेल्या तेव्हा बांधाजवळ लोकर कातरणं चालू होतं. मेंढी आडवी पाडलेली, चारही पाय एकत्र बांधलेले, आणि म्हातारा धनगर पोटापासून पाठीकडे कात्री चालवत होता. काळी लोकर अखंड चादरीगत बाजूला पडत होती. मेंढी हूं की चूं करत नव्हती.

"कशी गरीब पडलीय," माई म्हणाल्या.

धनगरीण शेजारी लोकर निवडत बसली होती. "गरीब कुठली," ती म्हणाली. "बांधलीय म्हणून पडलीय. सोडा पाय, बघा कशी पळती ती."

माईंना दवाखान्यातले ताणलेले डोळे आठवले. त्यांनी झिपरीची सगळी हकिकत सांगितली. धनगरणीनं असला प्राणी जन्मात पाहिला नव्हता, तरी लक्ष देऊन ऐकलं.

"आमचं कातरणं सहा महिन्यांनी येतं, बाई," ती म्हणाली. "तेवढ्यात मेंढी विसरती. तुमचं काम रोजचं. रोजच्या कामाला बांधून कसं भागंल? मला रोज मेंढ्या हाकायच्यात, पाणी पाजायचंय, कोकरं पाजायला लावायचीत. त्याला मी कुणाला बांधती का? त्या माझ्यामागं येत्यात म्हणून चाललंय."

तिनं एवढंच सांगितलं आणि ती आपल्या कामाला लागली. पुढचं माईंना स्वतःच शोधावं लागलं.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती पिंजरा जमिनीवर घेऊन त्याचं पुढचं दार मोकळं ठेवण्याची. वरचं झाकण उघडणं बंद. दुसरी गोष्ट, स्वतः जमिनीवर बसल्या, मांडी घालून, कारण उंचावरून गिनीपिग निसटला तर कणा मोडू शकतो. मांडीवर एक जुना टॉवेल, जो आधी दोन दिवस बुंदीखाली अंथरलेला होता, तिच्या वासाचा. बुंदी शेजारी. आणि हातात कोथिंबिरीची काडी. फणी मांडीजवळ नुसती पडलेली.

पहिले काही दिवस फणी तशीच पडून राहिली. झिपरी दारापर्यंत यायची, बुंदी खाताना बघायची, परत जायची. माईंच्या हातांना हे सहन होत नव्हतं. बसल्या जागी दोन गड्डे लसूण सोलून झाला असता, असं त्या सुनेला म्हणाल्या; पण उठल्या नाहीत. एक दिवस कोथिंबिरीच्या जुडीची नुसती सळसळ ऐकून झिपरीनं आतून "वीक, वीक" अशी हाक दिली. ओरडणं नव्हतं ते. गिनीपिग खाऊची चाहूल लागली की असा आवाज करतात. त्या दिवशी ती टॉवेलवर चढली.

माईंनी तिला उचललं ते बाजूनं, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली, पूर्ण भार तळहातावर घेऊन. तोंडाशी कोथिंबीर धरली. झिपरी खाऊ लागली. माईंनी फणीची पाठ, दातांची बाजू नव्हे, तिच्या पाठीवर ठेवली.

झिपरीचा जबडा थांबला.

कोथिंबिरीची काडी अर्धी आत, अर्धी बाहेर. माईंचं लक्ष तिथे गेलं कारण त्यांना खाणाऱ्या तोंडांकडे बघायची सवय. कोणतं वासरू चारा कधी सोडतं यावरून त्यांनी किती आजार ओळखले होते. भ्यालेला जीव खात नाही. त्यांनी फणी उचलली. जरा वेळानं जबडा पुन्हा हलायला लागला. पुन्हा फणी ठेवली. थांबला. उचलली. चालू झाला. माईंना मोजायला माप मिळालं. जबडा चालू तोवर हात चालू, जबडा थांबला की हात थांबवायचा. ओरडण्याची, पळण्याची वाट बघायचीच नाही. झिपरी मान वर झटकते, दात वाजवते, ती त्याच्याही नंतरची पायरी. तिथपर्यंत गोष्ट जाऊ द्यायची नाही.

यानंतर जे झालं ते हळूहळू झालं. फणीच्या पाठीवरून दातांवर. मानेमागच्या सोप्या जागेवरून कुशीवर. ओढ लागू नये म्हणून माई डाव्या हाताच्या दोन बोटांत केसांची बट कातडीजवळ घट्ट धरायच्या आणि खालचं टोक आधी सोडवायच्या, मग बोटभर वर, मग आणखी वर. गुंता कितीही ताणला तरी ताण त्या दोन बोटांवरच यायचा, कातडीपर्यंत पोचायचा नाही. मागचे केस त्यांनी जमिनीपासून दोन बोटं वर, सरळ रेषेत कापून टाकले, म्हणजे ते ओल्यात लोळणार नाहीत. आंघोळ नाहीच. मागची बाजू कधी घाण झाली तर तेवढीच कोमट पाण्यानं पुसून लगेच कोरडी करायची.

सर्वांत अवघड गेलं ते थांबणं. एकदा उजवी बाजू सुरेख झाली होती, झिपरी मांडीवर मागचा एक पाय सैल सोडून पसरली होती, आणि डाव्या बाजूच्या पहिल्याच बटेला जबडा थांबला. माईंनी वाट पाहिली. पुन्हा कोथिंबीर पुढे केली. झिपरीनं तोंड फिरवलं. डावीकडे कानामागे एक छोटासा गुंता स्पष्ट दिसत होता, दोन ओढींत निघाला असता. धरली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम. अर्धी लाटलेली पोळी पोळपाटावर सोडून उठावं तसं माईंना झालं. तरी त्यांनी झिपरीला टॉवेलसकट दाराशी नेलं आणि आत जाऊ दिलं. रात्री सुनेला म्हणाल्या, "तो गुंता डोळ्यांपुढून जात नाही गं." दुसऱ्या दिवशी झिपरी आपण होऊन मांडीवर आली आणि तो गुंता आधी निघाला.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली मोठी गोष्ट तीच आहे. फणी कशी धरावी, कात्री कुठली वापरावी, हे कुणीही दहा मिनिटांत शिकेल. हातात घेतलेलं काम चांगलं चाललेलं असताना, आणखी थोडंच उरलेलं असताना, दुसऱ्याच्या जिवासाठी खाली ठेवायचं, याला फार बळ लागतं. आणि उरक असलेल्या माणसाला त्याहून जास्त.

नवरात्रात थोरली लेक माहेरी आली, देवीच्या दर्शनाला, सोबत तिची पाच वर्षांची पोरगी. दुपारी माई ओसरीवर बसल्या होत्या आणि थोरली चौकटीला टेकून बघत होती. फणी चालायची, थांबायची, चालायची. थोरली बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "आई, तू वेणी घालायला बसवलंस की मीपण अशीच गप बसायचे."

"तू शहाणीच होतीस. धाकट्या पळायच्या."

"शहाणी नव्हते गं. तुझ्या हातात फणी दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा. हलले तर जास्त ओढ बसते, हे मला कळलं होतं."

माईंचा हात थांबला. झिपरीचा जबडा चालूच होता. "दुखायचं?"

"दुखायचं. पण तू शेजारणींना सांगायचीस, माझी थोरली कशी पुतळ्यासारखी बसते. मला ते ऐकायला आवडायचं. म्हणून कधी बोलले नाही."

यावर माई काय बोलणार! त्या काळी पहाटे चार वाजता उठून पाच पोरांचं आवरून शेतावर जायचं होतं. थोरलीलाही ते माहीत होतं; तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. झिपरीला आत सोडून माईंनी हात धुतले आणि चहा टाकला. संध्याकाळी छोट्या नातीच्या केसांना तेल लावायला त्या बसल्या तेव्हा त्यांनी आधी टोकं सोडवली. बट मुळाशी दोन बोटांत धरून. पोरगी मध्येच उठून मांजर बघायला गेली, तर एका बाजूची वेणी तशीच राहिली, आणि माई ती परत येईपर्यंत हातात रिबिन घेऊन बसून राहिल्या. थोरलीनं ते पाहिलं. ती आत जाऊन भाजी निवडत बसली, आणि तिथून कितीतरी वेळ गुणगुणण्याचा आवाज येत राहिला.

दिवाळीला नाशिकची नात आली. आल्या आल्या पिंजऱ्याशी धावली आणि हिरमुसली.

"आजी! केस कापलेस? केवढे सुंदर होते!"

"फोटोत सुंदर होते," माई म्हणाल्या. "हिच्या अंगावर जड होते. आणि चैत्रात इथं पारा कुठं जातो ते विसरलीस का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिशीकडे सरकला तरी यांना त्रास होतो. होळी झाली की आणखी आखूड करायचे."

नातीला पटलं नाही, पण तिनं वाद घातला नाही. फटाक्यांच्या दोन दिवसांत माईंनी फणीला हातच लावला नाही. पिंजरा मधल्या खोलीत नेला, खिडक्यांवर गोधड्या टाकल्या, आणि दोघींना भरपूर गवत देऊन सोडून दिलं. भाऊबीजेच्या दुपारी आळी शांत झाली तेव्हा नात फणी घेऊन बसली. तिचे हात आजीसारखेच चपळ. झिपरी मांडीवर आली, कोथिंबीर खाऊ लागली, आणि उजवी बाजू बघता बघता झाली.

"आजी, किती गुणी झाली गं ही! आता डावी पण करून टाकते, म्हणजे झालंच."

तिनं झिपरीला फिरवलं आणि फणी घातली. माई दारात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"ठेव फणी खाली."

"अगं, एवढंसंच राहिलंय. दोन मिनिटं."

"तोंड बघ तिचं."

नातीनं पाहिलं. काडी अर्धी बाहेर, जबडा थांबलेला. झिपरी हलत नव्हती, ओरडत नव्हती, काहीच करत नव्हती.

"शांत तर बसलीय," नात म्हणाली.

माई सूप बाजूला ठेवून उठल्या, तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसा केसांचा पडदा बाजूला करून तिला डोळे दाखवले, बरगड्या दाखवल्या. बांधलेल्या मेंढीचं सांगितलं. थोरलीचं काही सांगितलं नाही. ते थोरलीचं होतं. नातीनं फणी खाली ठेवली आणि हात आखडून घेतला. जरा वेळानं झिपरीनं काडी ओढून घेतली.

"मग डावी बाजू?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूचं निम्मं झालं, उरलेलं त्याच्या पुढच्या दिवशी. सुट्टी संपेपर्यंत रोजची एक जुडी लागत होती आणि परसातली कोथिंबीर संपली, तेव्हा माईंनी मुलाला सांगितलं की बाजार समितीत कांदा घेऊन जाशील तर येताना चार जुड्या आण, आणि पालेदार बघून आण.